फियाटपुरती जागा

बाबल, तुझी फियाट विकली रे. काल विकली. आणि कशी विकली ते ऐकलंस तर आहेस तिथून चपला न घालता धावत येशील.

मंडळाची पोरं अंक काढतायत. मला म्हणाली, "नाखवा, बाबलकाकांवर दोन शब्द लिहून द्या." दोन शब्द! आपल्यात दोन शब्दांत कधी काय मिटलंय? वर मलाच शिकवायला लागली, जन्म कुठला लिहा, नोकरी कुठे ते लिहा, मागे कोण कोण ते लिहा. मी म्हटलं, ते ज्याला पाहिजे त्याने वहिनींना विचारावं. मी तिसरीतून उठलेला माणूस, मला लोकांसाठी लिहिता येत नाही. मला बाबलशी बोलायचंय. पोटात मावत नाही एवढं बोलायचंय. छापायचं तर छापा, काना-मात्रा तुमचं तुम्ही बघा.

तर ऐक.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, गाडी काढायची आहे. गावच्या घराचं छप्पर गेलंय. पावसाच्या आधी ते घालायचं आणि मी तिकडेच राहायचं, असं ठरवलंय. त्याला गाडीशिवाय दुसरं काही नाही माझ्याकडे."

मी म्हटलं, "मग काढा. अंधेरीत दलाल पायलीला पन्नास पडलेत."

तर म्हणतात, "तसं नाही चालायचं. हे सांगून गेलेत. म्हणाले, गाडी नाखव्याक इचारल्याशिवाय इकू नको. भाव तोच बरोबर सांगतलो."

मी उडालोच! मी? ज्याने तुझ्या गाडीला आयुष्यभर बिस्किटाचा डबा म्हटलं, तो मी? अरे, अख्ख्या वर्सोव्यात तुझ्या फियाटचा एकच दुश्मन, आणि तू मरताना त्याच्याच हाती तिचा भाव दिलास? दोन रात्री मला झोप नाही. मग डोक्यात उजेड पडला. गाडीला शिव्या घालायच्या तर गाडी नीट बघावी लागते. तुझ्या खालोखाल ती गाडी मीच बघितली होती.

आपली पहिली गाठ आठवते? तू नुकताच परळची गिरणी सोडून एका सिनेमा कंपनीची गाडी चालवायला लागला होतास. सिनेमाची माणसं मढच्या बंगल्यावर शूटिंगला जायची. गाड्या आमच्या धक्क्यावर सोडायची आणि होडीत बसून पलीकडे. तू आलास तो कंपनीची ती भलीमोठी प्लिमथ घेऊन, आणि सरळ आमच्या बोंबलांच्या बांबूंखाली लावलीस. सावली बघितलीस, वर बघितलं नाहीस. बोंबील सकाळीच टांगलेले, ओले. दुपारपर्यंत बॉनेटवर टप टप टप.

तू लाल होऊन ओरडत आलास, "कोणाचे रे हे बोंबील?"

मी म्हटलं, "कोणाची रे ही गाडी?"

मग मी बॉनेट बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं. ठक ठक. म्हटलं, "पत्रा झकास आहे. पण एका माणसाला न्यायला एवढं जहाज?" आणि तू हसलास. मालवणी माणूस भांडता भांडता हसला की समजावं, आता हा रोज येणार भांडायला. आलास की! माणसं मढला जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत तुला दिवसभर काम काय? बसायचास माझ्या जाळ्यांच्या ढिगावर, आणि आपण आलेल्या गाड्यांना नावं ठेवायचो.

काय काय गाड्या बघितल्या रे आपण! इंपाला यायची, ती आमच्या गल्लीत वळायला भरतीची वाट बघणाऱ्या गलबतासारखी उभी राहायची. तुझं म्हणणं, रुबाब आहे, पण ह्या रस्त्याला रुबाब परवडत नाही. एक मर्सिडीज यायची. तिचं दार लागलं की मी जाळं शिवायचं थांबायचो. ठप्प! बस, एवढंच. कापसाच्या गादीवर नारळ पडावा तसा आवाज. मी पाठ फिरवून बसायचो आणि नुसत्या दाराच्या आवाजावर गाडी ओळखायचो, आठवतं? मढच्या मास्तरांची हेराल्ड, तिचं दार वाजलं की मी म्हणायचो, "आली रविवारची टोपी!" दिसायला देखणी, पण दोनच दारं, मागे बसायचं तर आधी घडी घालून घ्यावी लागते माणसाची.

माझं मत तेव्हाही तेच, आजही तेच. गाडीची किंमत तिच्या दाराच्या आवाजात असते. आणि तुझं उत्तर ठरलेलं, "मेल्या, दार लावूक पैसे दिलेत काय? गाडी चलवूक दिलेत!"

मग पापलेटाची ती दोन वर्षं आली. सोन्यासारखी गेली. आमची हौसा म्हणाली पाटल्या करा, भाऊबंद म्हणाले दुसरी होडी बांध. मी अंधेरीच्या डॉक्टरकडून जुनी ॲम्बॅसेडर घेतली. कशी घेतली ते तू जन्मभर लोकांना सोंग करून दाखवलंस. मी गाडीखाली उताणा झोपलो. खालचा सगळा पत्रा बोटांच्या पेरांनी वाजवत गेलो. मग वास घेतला. मग आत बसलो, दारं लावली आणि गप्प राहिलो. डॉक्टर म्हणाला, "अहो, चालवून नाही बघणार?" मी म्हटलं, "होडी घेताना कोणी समुद्र बघतं का? लाकूड बघतात."

अजून सांगतो, चूक काढून दाखव त्यात.

पुढे काही महिन्यांत तू फियाट आणलीस. ती जुनी डुक्कर फियाट नव्हे, तिच्या नंतरची. सिनेमावाल्यांना स्वतःची गाडी भाड्याने द्यायची, असा तुझा विचार. आणि झाली सुरुवात! मी म्हणायचो, माझ्या गाडीत वरातीची नऊ माणसं बसली, वर दोन टोपल्या. तू म्हणायचास, नऊ माणसं न्यायची तर बस घे, गाडी कशाला? मी म्हणायचो, ॲम्बॅसेडर खड्ड्यातून जाते. तू म्हणायचास, फियाट खड्डा चुकवून जाते. पेट्रोल महागलं त्या वर्षी माझी वाट लागली. गाडी झाकून ठेवली. आणि तू, हरामखोरा, रोज मुद्दाम समोरून जायचास आणि वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचास. पीं पीं! हौसा आतून म्हणायची, "आयले बघा तुमचे सायब."

भावावरून तर आपण किती भांडलो. मला ते कधी पटलंच नाही. मासळी सकाळची दुपारी झाली की भाव उतरतो, हा जगाचा कायदा. आणि गाडीचं काय? नवी नोंदवायची आणि वाट बघत म्हातारं व्हायचं, म्हणून ज्याच्याकडे आज हातात असलेली जुनी आहे तो सांगेल तो भाव. शिळ्याला ताज्याहून जास्त पैसे मोजायचे! मी म्हणायचो, हा धंदा नाही, हे अडवून धरणं आहे. तू विडी झटकायचास आणि म्हणायचास, "किंमत घेणारो ठरयता, इकणारो न्हय. ज्या गाडीक घेणारो उभो, ती गाडी बरी. बाकी सगळा दाराचो आवाज."

आणि तेलाचं. ते तर लिहिलंच पाहिजे, कारण कालची सगळी गंमत तिथेच आहे.

आमच्यात होडीला मोरीच्या काळजाचं तेल लावतात. मोरी म्हणजे तो लहान शार्क मासा, त्याचं काळीज कढवून काढलेलं. लाकूड पाण्यात वर्षानुवर्षं राहतं, काही होत नाही. मी विचार केला, खारी हवा लाकडाला खाते तशी पत्र्यालाही खाते. धक्क्यावरच्या गाड्या वरून नवरीसारख्या आणि खालून चाळण, हे मी डोळ्यांनी बघत होतो. मग पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा, मी ॲम्बॅसेडर खालून मोरीच्या तेलाने माखायला लागलो. तू ते पहिल्यांदा बघितलंस तेव्हा पोट धरून जमिनीवर बसलास.

"अरे नाखवा! गाडी आसा ती, होडी न्हय! उद्या तिका शीड लावशीत!"

वास? आम्हाला कसला वास? मोरीच्या तेलात जन्म गेला. पण वर्सोव्याच्या मांजरांना बरोबर कळलं. दिवसभर माझ्या गाडीखाली चार-पाच पसरलेली. तू आलास की आधी वाकून बघायचास आणि हात जोडायचास, "काय मंडळी, जेवणं झाली?" सिनेमावाल्यांना आणून दाखवायचास. ही गाडी पेट्रोलवर नाही, मांजरांवर चालते, म्हणून सांगायचास. मी चिडायचो, पण तेल सोडलं नाही. तुझी फियाट माझ्या शेजारीच उभी असायची, अंधेरीला तुझ्या चाळीत जागा नव्हती म्हणून. कधी कधी दोन मांजरं तिच्याखाली दिसायची. मी म्हणायचो, बघ, जेवायला माझ्याकडे आणि झोपायला तुझ्याकडे. तू हसायचास. आता कळतंय कशाला हसायचास ते.

तुला इस्पितळात नेलं ती सकाळ. दोन्ही गाड्या तुझ्या चाळीशी आणल्या होत्या. फियाटमध्ये तुला आडवं करता येईना, पाय दुमडत होते. मी म्हटलं, माझ्या गाडीत घाला. मागच्या सीटवर लांब झोपवलं, वहिनी पायाशी. तू डोळे मिटूनच म्हणालास, "जागो मातर भरपूर आसा हां." बाबल, मला वाटलं मी जिंकलो! इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडून एक वाक्य! तेवढ्यात खड्डा आला आणि तू म्हणालास, "पण पेट्रोल?"

मी म्हटलं, "गप पड."

ते माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. एवढी वर्षं माणूस तोंड फाटेस्तोवर बोलतो, आणि शेवटी हातात काय राहतं तर 'गप पड'. म्हणून लिहायला बसलो. ते वाक्य शेवटचं राहू द्यायचं नाही मला.

आता काल.

मुलुंडहून एक शेठ आला. बरोबर त्याचा मिस्त्री. वहिनी अंधेरीहून आल्या होत्या, पदर घेऊन माझ्या ओट्यावर बसलेल्या. शेठने फियाटभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली. अरे, मेलेल्या मित्राची गाडी आणि लाथ! मी काठी घट्ट धरली. तर म्हणतो कसा, "काका, गाडी म्हातारी आहे. आणि जन्म काढला समुद्राच्या तोंडावर. वरून रंग चकाचक, खाली पत्रा असणार पापडासारखा. भंगाराच्या थोडा वर देतो, बाईमाणूस आहेत म्हणून." आणि आकडा बोलला. तो आकडा मी लिहीत नाही. त्यात तुझ्या घराला छप्पर सोड, अर्धी पडवी झाली नसती.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांची मान हलायला लागली होती. होकाराची. बायकामाणसांना वाटतं, आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ नये.

आणि बाबल, माझ्या तोंडातून तू बाहेर पडलास!

"थांबा शेठ," मी म्हटलं. "किंमत घेणारा ठरवतो, मान्य. पण घेणाऱ्याने आधी घ्यायची वस्तू बघावी. ही गाडी म्हातारी? हिचा कुठलाही पार्ट घ्या आणि साकीनाक्याला जा, पहिल्या गाळ्यात नाही मिळाला तर दुसऱ्यात बनवून देतील. तुमच्या मुलुंडच्या बाजारात हातगाडी आडवी आली तर मोठी गाडी तिथेच उभी राहते, ही वळून जाते. पेट्रोल वासावर पिते. आणि उद्या मन भरलं तर विकायला काढा, सकाळी बोललात तर संध्याकाळी दारात तीन माणसं. नवी नोंदवता? नोंदवा. जावयाला चावी द्यायला जिवंत राहा म्हणजे झालं."

वहिनी तोंड उघडं टाकून बघतायत. धक्क्यावरचे लोक जमले. कोणीतरी मागून म्हणालं, "ऐकलास काय? नाखवा फियाटची तारीफ करतोय! आज समुद्र उलटा वाहणार!" मी थांबलोच नाही. किती सोपं होतं रे! सगळं पाठ होतं. तुझी प्रत्येक ओळ, तुझ्या हातवाऱ्यासकट.

शेठ म्हणाला, "काका, बोलता छान. पण खालून काय?"

इथे मी अडकलो. खालून काय ते मला ठाऊक नव्हतं. पण खाऱ्या हवेत उभ्या गाडीचं खाली काय होतं ते मलाच जास्त माहीत. मनात म्हटलं, संपलं, गेलं वहिनींचं छप्पर.

मिस्त्री गोणपाट टाकून खाली शिरला. स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोचायला लागला. मी कान लावून. आणि आवाज आला. ठण्ण! पुढे सरकला. ठण्ण! मागे गेला. ठण्ण! बाबल, तो आवाज! मर्सिडीजचं दार झक मारतं त्यापुढे.

खालूनच ओरडला, "शेठ, नीचे तो एकदम टनाटन है! घुसता ही नहीं!" मग जरा थांबून म्हणतो, "पर ये बास काहे की है?"

आणि त्याच्या डोक्याजवळून एक बोका अंग झाडत बाहेर आला.

माझे गुडघे गेलेले, तरी बसलो. हात घातला. बोट चिकट झालं. नाकाशी नेलं.

मोरीचं तेल!

लबाडा! चोरा! सगळ्या गावात माझी हजामत केलीस, मांजरांना नमस्कार घातलेस, आणि स्वतः? मी वहिनींकडे वळलो. त्यांनी पदर तोंडावर घेतला होता, पण डोळे हसत होते. म्हणाल्या, "दर वर्षी लावायचे. यंदाही शिमग्याच्या आधी लावलं, उठवत नव्हतं तरी. म्हणायचे, नाखव्याक सांगू नको, तो माका जगूक देवचो नाय."

"पण तेल कुठलं? आमच्या घरचंच वाटतं हे!"

पाटी घेऊन हौसा मागे उभी. जराही लाज नाही. म्हणाली, "मीच द्यायची डबा. तुमाना सांगून काय उपेग? बोंब मारली असती अख्ख्या वर्सोव्यात."

मारली असतीच! का मारू नये? माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जीत, आणि ती तुम्ही तिघांनी मिळून माझ्यापासून लपवलीत! मी तिथेच जमिनीवर बसून हसायला लागलो. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला कळेना हसण्याचं आहे की कसलं. हौसाने पाटी खाली ठेवली आणि मला उठवलं.

शेठ आपला नाकाला रुमाल लावून उभा. मी म्हटलं, "शेठ, वास दोन पावसाळ्यांत जाईल. पत्रा एकदा गेला की परत येत नाही. आता माझा भाव ऐका." आणि मी भाव सांगितला. तुझ्या घराला पडवीसकट कौलं चढतील तो.

त्याने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मान डोलावली. पण मुलुंडचा व्यापारी तो, शेवटचा खडा टाकल्याशिवाय थोडाच राहील? म्हणाला, "काका, एक सांगा. गाडी एवढी भारी आहे, तर तुम्हीच का नाही घेत?"

सगळा धक्का माझ्याकडे बघायला लागला. ॲम्बॅसेडर तिथेच उभी, ऐकतेय.

मी म्हटलं, "माझ्याकडे गाडी आहे शेठ. तिच्याहून चांगली गाडी मी रोज दारात उभी करून स्वतःची हार का बघत बसू?"

वहिनी हसल्या. मोठ्याने हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. शेठ पण हसला, आणि माझ्या हातावर हात मारला. झालं.

तर मी बोललोय ते. एकदा. साक्षीदार आहेत. पुन्हा बोलणार नाही, विचारूही नकोस. आणि तू तेल लावलंस, तेही मी बघितलं. पण हे बरोबरीत सुटलं असं म्हणू नकोस हां, कारण तू लपून केलंस आणि मी चारचौघांत. म्हणजे मी वर. ह्यावर तुझं काय म्हणणं आहे ते तू आता सांगू शकत नाहीस, आणि मला त्याचाच राग आहे. खालून तेल लावतोस आणि वरून निघून जातोस, ही कुठली रीत?

मिस्त्रीने गाडी चालू केली. पहिल्या फटक्यात सुरू झाली, ते पण सांगतो. वळणावर गेली आणि माझे कान आपोआप उभे राहिले. पीं पीं ऐकायला. मिस्त्रीला काय ठाऊक? तो गेला तसाच.

संध्याकाळी वहिनींना मी ॲम्बॅसेडरने अंधेरीला सोडलं. परत येऊन गाडी नेहमीच्या जागी लावली, इंजिन बंद केलं, उतरलो, आणि बघतो तर मी अख्खी जागा सोडून एका कडेला चिकटून लावलेली. इतक्या वर्षांची सवय. शेजारी जागा मोकळी. फियाटपुरती. माझ्या गाडीसारखी दुसरी त्यात शिरली नसती. तू म्हणायचास ना, फियाटला जागा कमी लागते? ते एक बरोबर होतं तुझं.

तिथे मातीवर तुझ्या तेलाचे काळे डाग आहेत. फियाटखालचा तो बोका आला, डाग हुंगले, आणि मोकळ्या जागेच्या मधोमध अंग टाकून झोपला. माझ्या गाडीखाली आला नाही.

मी नेहमीसारखा हाकलणार होतो. मग वाकून विचारलं, "काय मंडळी, जेवणं झाली?"